पुडीवर नाव लिहा, डॉक्टर

अगं ए,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "पण पिल्लूला नक्की झालं तरी काय होतं?" आणि दोन्ही वेळा मी सांगायला तोंड उघडलं की तुझ्याकडचा आवाज तुटला. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. तसंही फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस आणि उरलेला वेळ मॉन्ट्रियलच्या बर्फाची कौतुकं सांगतेस. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. हॉस्टेलवर वहीची पानं फाडून चिठ्ठ्या लिहायचो, तेव्हापासूनचं हे माझं सुख आहे.

पहिली बातमी ही, की पिल्लू ठणठणीत आहे. आत्ता पलीकडच्या खोलीत आबांच्या चष्म्याला "सर्दी झालीये" म्हणून त्याला रुमालात गुंडाळून निजवतेय. आबा चष्म्याशिवाय पेपर हातात धरून बसलेत, कारण नातीसमोर त्यांचं काही चालत नाही. तुला सांगते, कॉलेजच्या वयात आपण साडेसातनंतर बाहेर दिसलो की फैलावर घेणारे हेच ते आबा, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

इकडे थंडी यंदा चांगली पडली. कारखाने चालू आहेत, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. भिगवणला पाण्यावर रोहित पक्षी आलेत आणि त्यांच्यामागोमाग पुण्याच्या गाड्या. तू असतीस तर पक्षी बघायचं निमित्त करून मासे खायला गेली असतीस. सुट्टीत आम्ही आईकडे इंदापूरला होतो. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, सगळं यथासांग. शेकोटीच्या धुरात पिल्लू नाचली आणि दुसऱ्या दिवशी अंग तापलं. मुलांना ताप येतोच. आई म्हणाली, जवळच्या दवाखान्यात दाखवून आणू.

तिथून आलं ते औषध असं: एक छोटी पारदर्शक बाटली, तिच्यात गुलाबी पातळ औषध, बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर निळ्या पेनाने तीन रेघा. बरोबर कागदाच्या पुड्या, आत कुटलेली पांढरट पूड. सकाळी एक, रात्री एक, मधातून. बस. तुला हे नवीन नाही. आपण लहानपणी याच पुड्यांवर वाढलो. दवाखान्यातून येताना कोणाची पुडी पिवळी आणि कोणाची पांढरी यावर आपली भांडणं व्हायची. पण त्या रात्री ती पुडी हातात धरून मी किती असहाय झाले, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

औषध घेऊन तासभरही झाला नसेल. ती पोट खाजवायला लागली. स्वेटर वर केला तर पोटावर, पाठीवर गांध्या. उठलेल्या, लालसर, मध्ये फिकट आणि बघता बघता एकमेकींत मिसळणाऱ्या. आई म्हणाली, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावू. शेजारच्या काकी कडुनिंबाचा पाला घेऊन हजर, त्यांना गोवराची शंका. मग पापण्या सुजायला लागल्या. एक डोळा जवळजवळ मिटला. आणि आमची बाई आरशासमोर उभी राहून म्हणते कशी, "आई, मी बेडूक झाले. डराव." मला रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं. खालचा ओठ फुगलेला दिसला तेव्हा मात्र हसू गेलं.

आबांनी बारामतीच्या आमच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "श्वास कसा आहे? आवाज बसलाय का? उलट्या? पोर गळून गेलीय का?" यातलं काही असेल तर इकडे यायचं नाही, इंदापुरातच जवळ जो दवाखाना उघडा असेल तिथे शिरायचं किंवा 108 ला फोन करायचा, कारण अशा वेळी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांवर असतं. यातलं काहीच नव्हतं. ती बडबडत होती. मग त्यांनी सेट्रिझिनचा डोस सांगितला, तो दिला, आणि निघालो. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, काटेवाडी. पालखीचा रस्ता आता रुंद झालाय, पण भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या जोड ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. नवरा गप्प, मी तिच्या नाकाशी गाल लावून श्वास ऐकतेय, आणि ती ट्रॉलीकडे बोट दाखवून विचारतेय, "एवढा ऊस कोण खातो?"

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "काय दिलं होतं?"

मी पुडी पुढे केली. त्यांनी ती उघडली, वास घेतला, परत मिटली. त्या गुलाबी बाटलीकडे पाहिलं. इंदापूरच्या दवाखान्याचा फोन बंद. आता सांग, पांढऱ्या पुडीकडे बघून कोण काय सांगणार? रात्रभर त्यांनी तिला नजरेखाली ठेवलं, गांध्या पहाटेपर्यंत विरल्या, डोळा उघडला. पण हे कशाने झालं, ते रात्रभर कोणालाच माहीत नव्हतं. आणि तापावर पुढचं औषध द्यायचं म्हटलं तर कोणतं देऊ नये हेही माहीत नाही.

सकाळी फोन लागला. बाटलीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र. पुडीत अमॉक्सिसिलिन, आणि सर्दीची क्लोरफेनिरामाइन. म्हणजे संशयित चार. आणि घरात लगेच निकाल लागला: अमॉक्सिसिलिनच! कारण तुला आठवतं ना, ती दीड वर्षाची असताना कान फुटला होता, तेव्हा हेच औषध चालू होतं आणि पाचव्या की सहाव्या दिवशी अंगभर बारीक गुलाबी पुरळ आलं होतं. मी तुला फोटोही पाठवला होता आणि तू "टोमॅटो" म्हणून बदाम पाठवले होतेस. तेव्हापासून तिच्या फाइलवर लाल शाईने "पेनिसिलिन चालत नाही" असं लिहिलेलं. सासूबाई तर तोवर "हिला कुठलंच इंग्रजी औषध सोसत नाही" इथवर पोचल्या होत्या. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. एका औषधाने पुरळ, एकाने जुलाब, आणि एका सर्दीच्या औषधाने तर झोपायच्या ऐवजी ही पहाटेपर्यंत जागी होती. ती रात्र तुला सांगायची राहिली. सर्दीच्या ज्या औषधाने मोठी माणसं पेंगतात, त्याने काही मुलं उलट उधळतात. हिने आबांना घोडा केलं, घोड्याला पाणी पाजलं, घोड्याचे दात मोजले, आणि पहाटे "घोडा झोपला" म्हणून मोठ्याने रडली.

आमच्या डॉक्टरांनी मात्र सगळ्यांना एका माळेत ओवलं नाही. तुला सांगते, मला तो माणूस तिथे फार आवडला. ते म्हणाले, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडने जुलाब होतात, ती ॲलर्जी नाही, ते त्या औषधाचं नेहमीचं दुखणं. झोप उडाली, तीही ॲलर्जी नाही. पाचव्या दिवशी खाज नसलेलं सपाट पुरळ आलं, तर लहान मुलांत बहुतेक वेळा ते आतल्या विषाणूचंच असतं, ठपका मात्र चालू असलेल्या औषधावर बसतो. आणि तासाभरात गांध्या, पापण्या, ओठ, हे मात्र वेगळं. ते हसण्यावारी न्यायचं नाही. "पण चौघांतला कोण, ते तपासल्याशिवाय मी फाइलवर लिहिणार नाही," असं म्हणाले.

यात तुझं मॉन्ट्रियल आलं, ऐक. मी म्हटलं, डॉक्टर, तपासायचं म्हणजे परत तेच औषध पोरीला द्यायचं? माझा तर थरकाप झाला. तेव्हा त्यांनी तुझ्या गावातल्या मुलांच्या हॉस्पिटलची गोष्ट सांगितली. अमॉक्सिसिलिनने पुरळ आलं म्हणून ज्यांच्या नावावर ॲलर्जी लागली होती, अशा 818 मुलांना तिथल्या डॉक्टरांनी नजरेखाली ठेवून तेच औषध थोडंथोडं दिलं. 2016 साली ते छापून आलं. शंभरातल्या 94 मुलांना काहीसुद्धा झालं नाही! म्हणजे बिनकारणाचा शिक्का घेऊन फिरत होती बिचारी. तू त्या हॉस्पिटलावरून रोज बसने जात असशील आणि तुला पत्ताही नसेल. मला बघ, इथे बारामतीत बसून कळलं.

शिक्का लागला तर बिघडलं काय, असं तुला वाटेल, मलाही वाटायचं. न दिलेलं बरं! पण कान, घसा, न्यूमोनिया, यांत मुलांना पहिलं हेच औषध देतात. ते बाद झालं की डॉक्टरला दुसऱ्या फळीतलं जोरकस अँटिबायोटिक काढावं लागतं. आयुष्यभर. उद्या ती बाळंत होईल तेव्हासुद्धा कोणीतरी फाइलवरची ती लाल ओळ वाचेल.

मग महिना-दीड महिन्याने पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आधी कातडीवर टोचून बघितलं. त्यावर तिने आख्खा मजला डोक्यावर घेतला. मला तुझीच आठवण आली, टी. सी. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात सुई दिसताच खुर्चीसकट आडवी झालेली तू. नंतर चमच्याच्या टोकावर औषध, मग बराच वेळ वाट, मग उरलेला डोस, मग पुन्हा वाट. नर्स दर थोड्या वेळाने पोट उघडून बघायची, नाडी बघायची. टेबलावर भरून ठेवलेलं ॲड्रेनलिन. माझी नजर त्या सिरिंजवरून हटेना. आणि आमची महामाया औषध चाटून म्हणते, "संत्र्याचं आहे. अजून दे." नर्स म्हणाली, हे ऐकायला आम्ही किती दिवस थांबलोय! काही झालं नाही. घरी आल्यावरही नाही. फाइलवरची लाल ओळ डॉक्टरांनी स्वतःच्या पेनाने खोडली, खाली तारीख घातली, सही केली.

पॅरासिटामॉल मधल्या तापात एकटं देऊन झालं होतं, काही त्रास नाही. सर्दीच्या गोळीने झोप उडवली होती, गांध्या कधी आणल्या नव्हत्या. उरलं आयबुप्रोफेन. ते आणि त्याचे भाऊबंद आता बंद. मोठी झाल्यावर हॉस्पिटलात तपासायचं की नाही ते तेव्हा ठरवू. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ असते, आणि डेंग्यूच्या संशयात आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन द्यायचंच नसतं, रक्तस्रावाची भीती. त्यामुळे घरातून ते गेलं याचं मला वाईट वाटलं नाही.

आता गंमत बघ. नाव त्याच रात्री कळलं असतं तर सगळ्यांचा संशय अमॉक्सिसिलिनवर जाण्याआधी डॉक्टरांनी नीट विचारपूस केली असती. आणि नाव कधीच कळलं नसतं, तर आम्ही खरं औषध मोकळं सोडून भलत्याला आयुष्यभर बाहेर ठेवलं असतं. पुढच्या तापात कोणीतरी पुन्हा गुलाबी बाटली दिली असती. याच एका गोष्टीने मी पेटलेय. गावोगावच्या दवाखान्यांवर माझा राग नाही. रात्री दार वाजवलं तर तेच उघडतात, उधारीवर तेच तपासतात. पण पुडीवर औषधाचं नाव आणि ताकद लिहायला किती वेळ लागतो? डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत, वाचता येईल असं लिहावं, हा नियम 2016 साली त्यांच्या वैद्यकीय परिषदेनेच केला. मग मुलाच्या पोटात जाणाऱ्या पुडीला तो का नको?

आईच्या कामाच्या मावशी आठवतात ना, बावड्याकडच्या? त्यांच्या नातवाचं ऐकून तर माझ्या अंगावर काटाच आला. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, उलट्या होत होत्या, औषध आणलं. संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर गेले, जीभ बाहेर, जबडा ताठ, आणि पोरगा पूर्ण शुद्धीवर, घाबरून रडतोय. घरात गलका झाला. बाहेरचं लागलं म्हणाले. लिंबू उतरवलं, अंगारा लावला, देवऋषीला बोलवायला माणूस गेला. नशीब, त्याचा मामा कंपाउंडर होता, त्याने मोटरसायकलवर घातला आणि इंदापूरला आणला. डॉक्टरांनी विचारलं, उलटीचं काय दिलं? मामाने रिकामी स्ट्रिप खिशात ठेवली होती. मेटोक्लोप्रामाइड. ते औषध काही मुलांत असं स्नायूंना पिळा घालतं, आणि त्यावर उताऱ्याचं इंजेक्शन आहे. अर्ध्या तासात मान सरळ झाली आणि पोराने भजी मागितली. मावशी हे सांगताना अजून रडतात. त्या मामाच्या खिशातली ती रिकामी स्ट्रिप! मला तर वाटतं तिला हार घालावा.

आणि ऑक्टोबर आठव. 2025 चा तो ऑक्टोबर मी विसरूच शकत नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली किती तरी नागपूरला आणली होती गं, आपल्या नागपूरला, लघवी बंद झालेली, मूत्रपिंडं निकामी झालेली. कोल्ड्रिफ नावाचं सिरप, तपासलं तर त्यात डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के. चालतं किती, तर 0.1 टक्का. ती काही मुलांच्या शरीराची ॲलर्जी नव्हती, ते बाटलीत भरलेलं विष होतं. आयांनी दिलं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दुकानातून आणलेलं. त्यांचं काय चुकलं? आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ह्याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलने 14 माणसं गेली होती, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. माझे आबा तेव्हा मुंबईला नोकरीत होते, ते अजून त्या दिवसांतले पेपर आठवून सांगतात.

त्या ऑक्टोबरात आपल्या राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, सूचना काढली: एसआर-13 क्रमांकाची बॅच कोणाकडे असेल तर वापरू नका, कळवा. वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर एकच धावपळ, जो तो कपाट उघडून बाटली उलटी करून वाचतोय. आणि मला चिकटपट्टी लावलेल्या बाटल्या आठवायला लागल्या. ज्या घरात तशी बाटली, त्या आईने काय वाचायचं? तीन निळ्या रेघा?

त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य संचालनालयानेही सांगितलं की 2 वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि 5 वर्षांखाली सहसा देऊ नयेत. मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मग आम्ही तेच तर म्हणत होतो, हळद-दूध दे." तिला जिंकल्याचा एवढा आनंद झाला की विचारू नकोस. मग मी तिला कापराच्या पोटलीवरून सुनावलं, कारण कापूर पोटात गेला तर लहान बाळाला झटके येतात, आणि पिल्लू जे दिसेल ते तोंडात घालते. त्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पोटली मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिथेच अर्धी तुटलेली निमेसुलाइडची गोळी सापडली, "लागली तर असावी" म्हणून ठेवलेली. 2011 पासून ती 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे. ती मी संडासात टाकायला निघाले, तर आबा म्हणाले थांब, माझी पाठ दुखते.

डॉक्टरांनी अजून एक गोष्ट करून दाखवली, ती तुला सांगतेच, तुझ्या लेकालाही लागू आहे. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि पॅरासिटामॉलचं सिरप त्यांनी शेजारी ठेवलं. ड्रॉप्सच्या 1 मिलीत 100 मिलिग्रॅम. सिरपच्या 5 मिलीत एका कंपनीचं 120, दुसरीचं 250. औषध एकच. ड्रॉप्सची बाटली हातात आणि सिरपचा चमचा, असं झालं तर मुलाच्या पोटात दुप्पट ते चौपट जातं, आणि ते यकृतावर येतं. म्हणून नाव पुरत नाही, ताकदही लिहून हवी. मुलाच्या वजनावर डोस ठरतो, वयावर नाही. वजनाला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, एका वेळी. पिल्लूचं वजन आता दारामागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, उंचीच्या रेघेशेजारी.

सासूबाईंनी काय केलंय माहितीये? दुधाच्या हिशेबाची त्यांची वही आहे ना, तिच्या शेवटच्या पानावर पिल्लूची औषधं लिहायला घेतलीत. त्यांच्या त्या गोल, घोटीव अक्षरात: "आयबुप्रोफेन. रात्री साडेआठ. एक चमचा. तासाच्या आत गांध्या, डोळे, ओठ सुजले. श्वास ठीक. देऊ नये." त्याखाली: "अमॉक्सिसिलिन. पुण्यात तपासले. चालते." त्याखाली: "सर्दीची गोळी. झोपत नाही. घोडा." आणि "घोडा"खाली दोन रेघा. कोणत्या डॉक्टरला याचा अर्थ लागेल ते लागो, पण त्या पानाचा फोटो आता घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. पाळणाघराच्या ताईंकडेही दिलाय. हिला काही सोसत नाही, हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

आणि तुला सांगते, मी त्या रात्रीची तक्रार फोनवरून नोंदवली. तक्रार म्हणजे कोणाविरुद्ध नाही, औषधाची नोंद. 1800-180-3024 हा फुकटचा नंबर आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा, कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. 2010 पासून देशभर ही नोंद ठेवतात आणि डॉक्टरच लागतो असं नाही, आईनेही कळवलेलं चालतं. त्यांनीही पहिलं काय विचारलं असेल? औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर. नावं मी दिली. बॅच नंबर देता आला नाही.

पुढच्या वेळी आईबरोबर त्याच इंदापूरच्या दवाखान्यात गेले, आईच्या गुडघ्यासाठी. डॉक्टरांना म्हटलं, पुडीवर नाव लिहून द्या. त्यांनी वर पाहिलं, क्षणभर थांबले, आणि लिहून दिलं. रागावले नाहीत. मागे बसलेली एक बाई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "आमच्याबी पुडीवर लिहा." त्यांनी तिच्याही पुडीवर लिहिलं. मागणारं कोणी नव्हतं, म्हणून लिहीत नव्हते, एवढंच असेल कदाचित.

बरं, आता तुझं. उन्हाळ्यात येणार आहेस ना नक्की? गेल्या वेळेसारखी तिकिटं काढून रडगाणं नको. लेकाला घेऊन इंदापूरला येशील, उन्हात फिरशील, आणि त्याला ताप येईल हे आत्ताच लिहून देते. तिकडे तुम्ही टायलेनॉल म्हणता ते आमचं पॅरासिटामॉलच, आणि ॲडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेन. इथली बाटली वेगळी दिसली म्हणून दोन्हीकडचं पॅरासिटामॉल एकावर एक देऊ नकोस. त्याला लहानपणी कशाने पुरळ आलं होतं असं तू म्हणाली होतीस, ते कशाने, कितव्या डोसला, किती वेळाने, हे तुझ्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे, मूळ नावासकट. नुसता "अँटिबायोटिक" असा निरोप मला चालणार नाही. त्याचं वजनही लिही. यादीचा फोटो या आठवड्यात पाठव. मी ती इथल्या आमच्या डॉक्टरांकडे ठेवून देते.

तुझीच